अनुराधपूरला तिघं

पिशोर

प्रिय रूपा,

सप्रेम जय भीम. फोनवर बोलले असते, पण तू वाळूजला कंपनीच्या बसमधी असतीस अन् गोंगाटात धड ऐकू येत नाय. शाळेत खिचडी शिजवायचे तवा बाईंनी अक्षरं शिकवली, ती आता कामाला आली.

परवा पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. श्रीलंकेला कशाला जाता आजी, म्हणून विचारलं. मी म्हणलं, संघमित्रेनं नेलेली बोधिवृक्षाची फांदी तिथं अनुराधपुरात झाड होऊन उभी हाय, दोन हजार वर्षांचे पडके विहार हायेत, माझी सून दाखवणार हाय. मग त्यानं लेकाचं विचारलं. भूषण जाऊन चार वर्षं झाली, म्हणलं. त्यानं चहा घेतला अन् सही घेऊन गेला.

तू पाठवलेले फोटो रोज पाहते. केवढं ऊन, अन् त्या उन्हात ते पांढरेशुभ्र स्तूप! अनवाणी चालावं लागतं म्हणं. फरशी लई तापत असली तर मोजे चालतात का, विचारून ठेव. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी मी करून आणीन.

गुडघ्याची काळजी करू नको. तू मला विद्यापीठामागच्या लेण्यांच्या पायऱ्या चढवल्यास, तवापासून रोज शाळेमागची टेकडी चढते. त्या दिवशीचं एक बोलायचं राहिलं. तुझ्या कंपनीतले संघपाल संगं आले होते. मी दमले तर त्यांनी रुमालानं पायरी पुसून मला बसवलं. पुढं ते कायतरी बोलले अन् तू हसलीस, मोठ्यानं. भूषण गेल्यापासून तुझं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. माझ्याकडं पाहिलंस अन् लगेच तोंडाला ओढणी लावलीस, चूक झाल्यासारखी.

खरं सांगते, मला वाईटबी वाटलं. वाटलं, आता भूषणची आठवण काढायला मी एकलीच उरणार. दोन दिवस जेवण गेलं नाय. मग रविवारी तू नेहमीसारखी उस्मानपुऱ्याहून आलीस, माझ्या केसाला तेल लावलंस, अन् त्याच्या लहानपणीची ती विहिरीची गोष्ट मलाच पुन्हा सांगायला लावलीस. तवा माझी मलाच लाज वाटली.

काल मी संघपालना फोन केला अन् तुझ्याशी लग्न करायचं मनात हाय का, म्हणून सरळ विचारलं. माझा पासपोर्टचा फॉर्म भरताना त्यांनी नंबर दिला होता. आढेवेढे न घेता म्हणाले, "मी विचारलं होतं, आई. ती म्हणाली, सासूला एकटं टाकून मी येणार नाही."

रूपा, तू मला टाकणार नाहीस, हे मला ठावं हाय. म्हणून तर सांगते, त्यांना हो म्हण. तिकिटं अजून काढली नसतील तर तिघांची काढ. त्याआधी उस्मानपुऱ्यातल्या विहारात साधं लग्न लावू. तुझे आईबाप नाहीत, तुझ्या बाजूनं कोण उभं राहील, असं मनात आणू नको. ती जागा माझी हाय.

तुझीच,
आई (कडूबाई)