फाट्यावर दाबलेलं बटण

१० जाने., पेण
रामवाडीतल्या खोलीवर. सरांच्या अभ्यासात अर्धं काम आकड्यांचं, अर्धं माणसांचं. फोन आल्यापासून ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचली, ते आकडे काढून झाले. आता मुलाखती. सर म्हणाले, "चार-पाच चांगली वाक्यं आण, आकड्यांखाली टाकू." पीएचडी त्यांच्या हातात, म्हणून हो म्हटलं. स्वतःचीच चीड आली.

१६ जाने., कोलाड
ॲम्ब्युलन्सवरचा पाटील ड्रायव्हर बोलायला तयार नाही. टपरीवर माझ्याकडे पाठ करून चहा प्यायला. आमच्या चुका हुडकायला आल्यात, एवढंच शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाला. उर्मट. मीही तोंड फिरवून उठले.

१९ जाने.
खांब गावाच्या आतली, डोंगराकडची वाडी. ताराबाई. सुनेला बाळंतपणानंतर रक्त जात होतं. नोंदीत गाडी वीस मिनिटांत पोचलेली. त्या म्हणाल्या, गाडी खाली फाट्यावर. वर रस्ताच नाय. सुनेला चादरीच्या झोळीतून उतरवलं, तास गेला. रोह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.
"पोचली म्हंजे कुठं गो? माज्या दारात तर नाय आली."
बाळ त्यांच्या मांडीवर झोपलेलं. पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

२० जाने.
पुन्हा पाटील. झोळीचं विचारलं. चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, गाडीतल्या यंत्रावरचं 'पोचलो'चं बटण फाट्यावरच दाबतो, उशीर दिसला की वरून झापतात. त्या दिवशी झोळीचं एक टोक त्यांच्याच खांद्यावर होतं.
"लिवा. पन माजं नाव नको."
शब्द दिला.

२७ जाने., पेण
सर आले. एक बाई रडली म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत, म्हणे. मी नोंदी आणि मुलाखती शेजारी शेजारी मांडल्या. रस्ता नसलेल्या प्रत्येक वाडीची तीच गत. मग सूर बदलला.
"म्हणजे ड्रायव्हर खोट्या नोंदी करतो. नाव दे, कारवाईची शिफारस करू."
रस्त्याबद्दल एक अक्षर नाही. इतका तिटकारा मला कुणाचाच आला नव्हता. फाईल उचलून निघाले.

३० जाने.
सरांचा मेसेज. सोमवारपर्यंत नाव, नाहीतर मुलाखती अहवालातून बाद. दिलं तर पाटलांची नोकरी जाणार. नाही दिलं तर ताराबाईंच्या दारात कागदावर गाडी वीस मिनिटांत...

१ फेब्रु., कोलाड
पाटलांना सगळं सांगून टाकलं. ते गाडीची काच पुसत होते.
"दिलंत नाव?"
"अजून नाही."
"अजून," ते म्हणाले, आणि काच पुसत राहिले.