तिसरा कप

सेगेनेइती, एरिट्रिया

हबतेआब दादा,

आपल्या नव्या देशाच्या राज्यघटनेसाठी लोकांची मतं लिहून घ्यायला काल सरकारी माणसं गावात आली होती. उंबराखाली सभा भरली, कॉफी माझ्याकडे होती. मी म्हटलं, "जमिनीत लेकींचाही वाटा लिहा." ज्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही, ते वोल्दूआजोबा काठी घेऊन उठलेच. "मी चाललो!"

"जा की! मग तिसरा कप कोण पिणार?"

तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे यजमानिणीचा अपमान. बसले बिचारे. आम्ही बायकांनी तो कप इतका सावकाश उकळला, की ऊन कललं. शेवटी आजोबाच ओरडले, "लिहा रे वाटा, आणि आणा तो कप एकदाचा!"

बाबांची जमीन तुझ्या एकट्याच्या नावावर करायला तू येतोयस म्हणे. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, नाहीतर आधीच सावध होशील. तू ये. कॉफी मीच करणार आहे.

तुझी धाकटी,
अब्रहेत