लाल खूण मागे घेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, रसायन-कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे सोडले तर सर्व काही शाबूत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक धाकट्या भावाला. माझ्या आणि त्याच्या मुलीच्या भांडणात त्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. अकरा वर्षे तो रविवारी दुपारी माझ्याकडे जेवतो, रात्री तिच्याकडे, आणि इकडचे अक्षर तिकडे करत नाही. पूर्वी याचा संताप यायचा, आता येत नाही.

२. रेणू जोडून दाखवायच्या लाकडी गोळ्या-काड्यांची पेटी गल्लीच्या टोकाच्या शाळेला. काळा गोळा कार्बन, निळा नायट्रोजन, लाल ऑक्सिजन. दोन निळे किंवा दोन लाल एकमेकांना थेट चिकटलेले दिसले की सावध व्हायचे, एवढे मुलांना जरूर सांगावे. नवा पदार्थ कोणी बनवण्याआधी त्याची कागदावरची रचना पाहून तो उडेल का, हे सांगण्यात माझी अख्खी नोकरी गेली.

३. माझा संरक्षक चष्मा उत्पादन विभागाच्या माजी प्रमुखांना, म्हणजे आमच्या घाईसाहेबांना. "बाई, तुमच्या हिशेबाने मीठसुद्धा उडेल!" असे ते चारचौघांत म्हणत. नोकरीत त्यांनी चष्मा कधी घातला नाही. निदान आता तरी नाकावर चढवून पाहावा.

४. परीक्षण-खोली सांभाळणाऱ्या दादांना काहीही ठेवता येत नाही, कारण ते या कागदाचे साक्षीदार आहेत. मात्र नोंद असावी. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एक रचना निर्धोक ठरवून तिच्यावर हिरवी खूण केली. तो पदार्थ वाळवताना उडाला आणि दादांची दोन बोटे गेली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मला मात्र ते विसरता आले नाही.

५. कपाटातील निळी फाइल पुतणीला. आमच्याकडे तीन खुणा असत. हिरवी म्हणजे खुशाल बनवा. पिवळी म्हणजे चिमूटभर बनवून दादांच्या खोलीत ढालीआड तापवून, ठोकून पाहा. लाल म्हणजे बनवूच नका. पुतणी आमच्याच प्रयोगशाळेत होती. दोन वर्षे खपून तिने आखलेली रचना माझ्या टेबलावर आली. दोन नायट्रोजन शेजारी शेजारी होते हे खरे, पण भोवती कार्बनही भरपूर होते, त्यामुळे धोका बराच कमी होत होता. रचनेवरून मी काढलेला धोक्याचा आकडा पिवळीत बसत होता. मी लाल खूण केली, कारण ती चिमूट तीच बनवणार होती.

"आत्या, आकडेमोड दाखव ना," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे म्हणून मी फाइल मिटली. तिचे काम बंद पडले आणि आमचे बोलणेही.

खरी आकडेमोड त्या फाइलीत आहे. तिने हवी तर चाचणी करवून घ्यावी, पण एकटीने नाही. पदार्थ शांत राहिला तर चूक माझी. उडाला तरी माझीच, कारण मी अंदाज बांधला नव्हता, मी घाबरले होते.

पुरवणी, सह्यांपूर्वी जोडलेली: दादांनी वरील मजकूर वाचला आणि म्हणाले, "एवढं सांगायला मरायची काय गरज आहे? फोन लाव." मी आढेवेढे घेऊ लागले, तेव्हा त्यांनीच लावून माझ्या हातात दिला. मी पुतणीला कलम पाच वाचून दाखवले.

तिने एवढेच विचारले, "आकडा किती होता?"

मी सांगितला.

"माझाही तेवढाच आला होता."

"मग भांडली का नाहीस गं?"

"तू कधी उगाच लाल खूण केली नव्हतीस, आत्या. मला वाटलं, तुला काहीतरी दिसलं असणार. माझं काय चुकलं ते अकरा वर्षं शोधतेय मी."

तुझे काही चुकले नव्हते, हे मी तिला सांगितले. तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. कलम पाच माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून अमलात आले आहे.

लिहून ठेवणार: (सही) आत्या
साक्षीदार: (सही) परीक्षण-खोलीचे दादा
साक्षीदार: (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२३