रविवारी तुटणारी लाइन

प्रिय नंदू,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. लिहून पाठवणार तरी कुठे? पण आज सकाळी आपल्या घरात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवेना. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

तुझ्या कंपनीनं मोडीत काढलेला तो लॅपटॉप तू मला आणून दिलास, तेव्हा किती तोऱ्यात म्हणाला होतास, "अक्का, आता कोल्हारमध्ये बसून जग बघ!" अरे, जग कसलं बघतेय मी! टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट लागायचं, ती शिट्टी वाजायची, आणि जरा कुठे अक्षरं दिसू लागली की लाइन तुटायची. तू फोनवरून मला शिकवायचास, ही पिन काढ, ती घाल. एवढं शिकवलंस, पण लाइनीचं हे दुखणं कुठलं ते सांगायला थांबला नाहीस.

ज्योतीची आणि माझी ईमेल चालते, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. तिचं नाव या घरात निघत नाही, तुला माहीतच आहे. तू तिच्याशी जातीबाहेर लग्न केलंस आणि अण्णांनी, सख्ख्या बापानं, तुझ्याशी बोलणं टाकलं. दर रविवारी सकाळी तू फोन करायचास. मी म्हणायचे, "अण्णा, नंदूचा फोन. या ना." ते उठून आत जायचे. "मी कामात हाय." तुला ते ऐकू जायचं का रे? जात असणार. तू लगेच विषय बदलायचास.

छातीत कळ येऊन तू गेलास, तेव्हा अंत्यविधीला ते पुण्याला आले, पण लांब उभे राहिले, ज्योतीकडे बघितलंही नाही, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले. डोळ्यात टिपूस नाही. मला वाटलं, हा माणूस आहे की दगड?

तर लाइनीचं सांगत होते. ज्योतीची ईमेल मी रविवारीच निवांत उघडायचे आणि ती रविवारीच अर्धी राहायची. मी पिन बदलली. मॉडेमची वायर नवी आणली. लॅपटॉप ओसरीवर नेऊन बघितला. लाइनमन येऊन खांबावर चढला. उसाच्या ट्रॉलीनं वायर ओढली असेल म्हणून त्यानं जोडही नवा मारला. तरी तेच! मग मध्येच एका बुधवारी माझ्या शाळेला सुट्टी होती, शिकवायला जायचं नव्हतं, म्हणून लावून बघितलं, तर तासभर एकदाही तुटलं नाही. मी चक्रावले. वायरीला वार कळतो का?

आज सकाळी ज्योतीच्या भावानं फोटो पाठवला होता. नंदू, तुला मुलगी झाली रे. फोटो वरून खाली हळूहळू उलगडत येत होता. आधी दाट काळं जावळ, मग कपाळ, मग भुवया... आणि खट्, लाइन तुटली. पुन्हा लावलं. पुन्हा जावळ, कपाळ, भुवया, आणि खट्! तिसऱ्यांदा मला रडू आलं. तिचे डोळे बघायचे होते मला, तुझ्यासारखे आहेत का ते.

मी पेटूनच उठले. म्हटलं, आज या वायरीचा शेवट गाठायचाच. भिंतीवरून बोट फिरवत निघाले. ओसरी, माजघर, आणि वायर अण्णांच्या खोलीत शिरली. गुडघ्यांमुळे त्यांना सारखं उठवत नाही म्हणून लग्नाआधी तूच बसवला होतास तो जोडफोन, आपल्याच लाइनीवरचा दुसरा फोन. तो कुणी वापरत नाही असं मी धरूनच चालले होते.

दार ढकललं. अण्णा खाटेवर बसले होते. डोळे मिटलेले. रिसीव्हर कानाला.

"अण्णा!"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखा रिसीव्हर मांडीवर आला. त्यातून मॉडेमची शिट्टी बारीक ऐकू येत होती.

"काय करताय?"

"काई न्हाई." मग म्हणाले, "रविवार हाय ना. म्हनलं, बघावं. नुस्ती शिट्टी वाजतीय पन."

म्हणजे हा रिसीव्हर उचलला की माझी लाइन तुटायची, आवाज बारीक व्हायचा! नंदू, कळलं का तुला? "तुमच्याकडचा आवाज रविवारीच का बारीक होतो गं?" म्हणून तू वैतागायचास ना? अरे, ते ऐकत होते! प्रत्येक रविवारी! "कामात हाय" म्हणून आत जायचे ते याच्यासाठी! तू मला हळूच विचारायचास, "अण्णा अजून चिडलेत का?" तेही त्यांनी ऐकलं. आणि तुला मात्र काहीच न कळता तू निघून गेलास. दोघेही सारखेच हट्टी! एकदा तरी "अण्णा" म्हणून हाक मारून बघायची होतीस त्या वायरीत!

"बोलला का न्हाईत मग?" मी ओरडलेच. बापावर ओरडले रे मी.

अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. म्हणाले, "शेवटच्या टायमाला तो तुला म्हनला, छातीत जळजळतंय, काल मिसळ खाल्ली. तुमी दोगं हसला. मला हसू आलं न्हाई. माज्या थोरल्या भावाला असंच झालं हुतं, अन् त्यो गेला. मी तोंड उघडलं हुतं, पोरी. जा म्हनायचं हुतं, आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं जा. पन मग त्याला कळलं असतं ना, मी ऐकतोय ते."

त्या दगडाला मी पहिल्यांदा रडताना बघितलं. त्यांचा हात धरून बसले.

मग डोळे पुसून त्यांनीच विचारलं, "झाली का ती बाळंत?"

हेही ऐकलं होतं त्यांनी, तुझ्याच तोंडून!

मी त्यांना धरून ओसरीवर आणलं आणि लॅपटॉपसमोर बसवलं. आत फोन उचलायला आता कुणी नव्हतं. फोटो उलगडत गेला. जावळ, कपाळ, भुवया आणि डोळे. मिटलेले रे, झोपलीय ती! मग नाक, मुठी, पिवळं दुपटं. अण्णा पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली.

"फोन लाव," म्हणाले.

"कुणाला?"

"तिच्या आईला."

मी इंटरनेट तोडलं, ज्योतीच्या माहेरचा नंबर फिरवला; अण्णा उठून फोनपाशी आले आणि मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून ज्योतीचं "हॅलो? अक्का?" एवढं मलाही ऐकू आलं.

"अक्का न्हाई," अण्णा म्हणाले. "मी नंदूचा बाप."

ज्योतीला केवढा धक्का बसला असेल! मग पलीकडून बाळाचं रडणं आलं, चांगलं खणखणीत. अण्णांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही.

"रडतीय ती. घे तिला आदी," ते म्हणाले. "मी थांबतो."

आणि ते थांबले, नंदू. गुडघे दुखत असतानाही उभ्यानंच, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.

छातीतल्या त्या जळजळीचं ज्योतीला मी सांगणार नाही. सांगायचं असेल तर अण्णाच सांगतील. पण तुला शब्द देते, ते ओझं घेऊन त्यांना त्या खोलीत एकटं बसू देणार नाही. शाळेला सुट्टी लागली की त्यांना घेऊन पुण्याला जाते आणि तुझी लेक त्यांच्या मांडीवर ठेवते.

तुझी,
अक्का