बोगद्यातली फांदी

९ ऑक्टोबर, गुरुवार
आज पुन्हा दारातला कडुलिंब छाटला! मिथुनला दर खेपेला एक फांदी लागते. मोसंबीचा ट्रक घाटातल्या बोगद्यात गरम होतो. गाडी बंद पडली की मागे दगड अन् फांदी ठेवायची, ही ड्रायव्हर लोकांची रीत. पण बोगद्यात कुठला दगड अन् कुठलं झाड! म्हणून हा वडीगोद्रीतून झाड घेऊन निघतो. मी हसले. तो नाही हसला.

"दीपे, दिवाळीच्या गर्दीपायी बंद गाड्यांची साइडपट्टी बी वाहतुकीला खुली केली तिथं. वर हिरवा बाण लागला की तिच्यावरून बी गाड्या. मंग बंद पडली तर उभं कुठं ऱ्हायचं?"

मला काय विचारतो! मी फांदी सुतळीनं बांधून ठेवली.

११ ऑक्टोबर, शनिवार
गेला. फांदी सीटमागे, पाला खिडकीबाहेर. सासूबाई म्हणाल्या, "नवरदेवाच्या गाडीवानी दिसून राह्यली!"

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून त्याचा फोन बंद. धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
शेजारचे भागवतमामा आल्ते. तेही ड्रायव्हरच. दारातच उभे राहिले, आत येईनात. "काल बोगद्यात अपघात झाला पोरी. साइडपट्टीवर बंद पडलेल्या ट्रकला मागून ठोकलं. एक जण जागेवर गेला. नाव न्हाई कळलं. फांदी घेऊन मागं उभा होता म्हणे."

फांदी! दुसरं कोण नेतं बोगद्यात फांदी? मिथुनच. मीच छाटून दिली. वर हसले.

सासूबाईंनी ऐकलं, तेव्हापासून भिंतीला टेकून बसल्यात. पाणीही घेत नाहीत. मी बुद्धवंदनेला बसले तर शब्दच आठवेनात. एकच मागत राहिले - तो मिथुन नसावा. दुसरा कुणीही चालेल. असंच मागितलं, खोटं कशाला लिहू? पण मागून काही होणार नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
मिथुनचा फोन आला! पोलीस ठाण्यातून. जिवंत आहे, खरचटलंसुद्धा नाही. मी रडायलाच लागले. तो म्हणाला, "आधी ऐक. मला हिरवा बाण होता गं, दीपे. मी बराबर साइडपट्टीतच होतो. पुढच्या बंद ट्रकवाल्याची फांदी दिसली, पण लय उशिरा."

सासूबाई, पोरगा वाचला म्हणून, गल्लीत साखर वाटायला गेल्यात. मी थांबवलं नाही.