बिनतिखटाचा बटाटा

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

बटाटा मिक्सरला फिरवला आणि त्याची खळ झाली. चमचा उलटा धरला तरी पडेना. सुधीरने एक घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला, बेसिनमध्ये टाकला. "पोस्टरं लावायचीत का?" बोलायला त्रास होतो म्हणे. टोमणे मारायला मात्र होत नाही.

रेडिएशन संपलं, पण तोंड आतून अजून सोललेलंच. पेज नको, गुरगुट्या भात नको, डब्यातली पावडर बघितली की उमासे. इंग्लिश हॉटेलात देतात तसा मऊ बटाटा म्हटल्यावर "बघू" म्हणाला. त्या एका "बघू"साठी ही सगळी खटपट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी. नळीचं नाव काढलं की हा भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्याच्या वडिलांना शेवटी नळी होती, आणि ते तिच्यासकटच गेले.

रविवार, ११ ऑक्टोबर

घट बसले. सासूबाईंचा नऊ दिवस उपास. म्हणजे आता घरात दोघं जण बटाट्यावर, एकाला तुपातला, एकाला बिनतिखटाचा.

आज कुकरला लावले. पाणी पिऊन टम्म. कुस्करले तर लापशी.

ऑफिसातल्या मार्थाला फोन केला, वसईची, नाताळला त्यांच्याकडे करतात. "मिक्सर? वेडी आहेस का गं? सालीसकट पातेल्यात उकड, पाणी ओत, तसाच गॅसवर जरा कोरडा होऊ दे. गरम आहे तोवर दाब. दूधपण गरमच घाल. आणि वरून मस्त मिरपूड." मिरपूड. हिला तीनदा सांगितलंय त्याचं तोंड सोललंय म्हणून.

समोरच्या काकू म्हणाल्या, थोडं आलं घाल, पचायला बरं. ठाकुर्लीच्या भाजीवाल्याने विचारलं, वडे करताय का वहिनी? आपल्याकडे उकडलेला बटाटा नुसता कोणाला बघवतच नाही. लगेच हळद, लगेच मोहरी. डोकं फिरतं माझं.

सोमवार, १२ ऑक्टोबर

ठाण्याला तपासणी. टेंभी नाक्याला देवीच्या मांडवापायी गाडी अडकून पडली, सुधीर मागे डोळे मिटून. वजन परत खाली. डॉक्टर त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलले. "पुढच्या सोमवारी बघू. नाही वाढलं तर घालून टाकू नळी." घालून टाकू. नळी काय नळाला घालायचीय?

येताना गाडीत सुधीर म्हणाला, "मी घालू देणार नाही." मग खा ना बाबा.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. सासूबाई: "त्यात बटाटा? दसऱ्याला पुरण घालायचंय मला." म्हटलं, घासून देते. त्यांनी देवीकडे बघितलं, देवी काही बोलली नाही, मी बटाटे घातले.

आणि झालं. गाठ नाही, चिकटपणा नाही. गरम दूध, लोणी, मीठ. मी स्वतःवर खूश.

सुधीर: "मीठ कमी."

घातलं चिमूटभर.

"आता जास्त झालं."

लग्न झाल्यापासून या माणसाने एका पदार्थाला बरं म्हटलेलं नाही. भाऊबिजेच्या ताटालाही नावं ठेवायचा. पण चार-पाच चमचे गेले पोटात. नावं ठेव, पण गीळ.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

आज सगळं मातीत.

मी लोणी आणायला खाली गेलेले. येते तर सुधीर बेसिनपाशी, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून रक्ताची तार. सासूबाई वाटी धरून उभ्या. मी वाटीचा वास घेतला. जिरं आणि हिरवी मिरची.

"मिरची नुसती तुपात फिरवून काढली गं. वासापुरती. त्याला घातली नाही."

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पांढरं, बिनवासाचं, देवाला नाही दाखवणार आपण असलं. माझ्या पोराने कसं खायचं?" आणि बाल्कनीत जाऊन बसल्या.

त्यांचंही खरं असेल. पण माझ्याने ऐकून घेववत नाही आता कोणाचं.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

सुधीरने तोंड उघडलंच नाही. गार दूध स्ट्रॉने, तेही अर्धं टाकलं. सासूबाईंनीही फराळ केला नाही. एक तोंड पोळलं म्हणून उपाशी, एक माझ्यावर रागावून. बटाटा झाकून ठेवला, काळा पडला, टाकला. नकोसं झालंय सगळं. कुठेतरी निघून जावंसं वाटतंय. पण जाणार कुठे, तर कोपरीला माहेरी, आणि तिथे आईपण विचारणार, त्यात थोडी कोथिंबीर घालून बघितलीस का.

शनिवार, १७ ऑक्टोबर

बरं झालं की वाईट, कळत नाही.

सकाळी पाया पडून, समजूत काढून त्याला टेबलापाशी बसवलं. तीन चमचे खाल्ले. "आज मीठ बरोबर आहे," म्हणाला.

माझं काळीज सुपाएवढं झालं. उरलेलं चाटून बघितलं. त्यात मीठच नव्हतं. घालायचं राहिलेलं.

म्हटलं, सुधीर, खरं सांग. तो म्हणाला, "काहीच लागत नाही गं. बटाटा काय, माती काय. झोंबतं तेवढं कळतं."

"कधीपासून?"

"तू मिक्सर लावलास त्याच्या आधीपासून."

"मग मीठ कमी, मीठ जास्त? मी इथे चिमटीने मोजत बसले, तू थट्टा करत होतास माझी?"

"नावं ठेवली की तुला वाटतं, आहे आपला पहिल्यासारखा. गप्प खाल्लं असतं तर घाबरली असतीस."

मी वाटी आपटली. इतका राग आला, आणि तो बरोबर बोलत होता त्याचा आणखी आला. स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई आत आल्या, पुरणयंत्र धुवायला घेतलं. म्हणजे ऐकलंय त्यांनी.

रविवार, १८ ऑक्टोबर

हॉस्पिटलात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, चव येते हळूहळू, महिने लागतात. काहींना पूर्ण येत नाही. सुधीरला पहिलं सांगितलं, दुसरं नाही.

तरी केला बटाटा. तो म्हणाला, "तू खा माझ्याबरोबर. कसं झालंय सांग."

"छान झालंय."

"छान म्हणजे काय? नीट सांग."

मग सांगितलं. लोणी जरा पुढे येतंय. बटाटा गोडसर आहे, कोल्ड स्टोरेजचा असणार. दूध किंचित खाली लागलंय. एकेक ऐकून तो एकेक चमचा गिळत होता, मान हलवत, परीक्षक असल्यासारखा. पण पांढऱ्या बटाट्यात सांगण्यासारखं असतं किती? अर्ध्या वाटीला माझं संपलं. त्याने चमचा खाली ठेवला.

सासूबाई घटापाशी वाती वळत होत्या. नवरात्रात या घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही. त्या उठल्या, खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या, त्याच पांढऱ्या बटाट्याचा चमचा भरला.

"यात सुक्या बोंबलाची चटणी कालवलीय. बोंबील तव्यावर भाजून घेतलेत, कुरकुरीत. लसूण जरा जास्तच पडलाय."

सुधीरने चमच्यात वाकून बघितलं.

"कोकम घातलंस?" त्याने विचारलं.

"घातलंय की. उघड."

त्याने तोंड उघडलं. पुढे वाटी संपेपर्यंत बोंबील, मग कोलंबी, मग भरलेलं पापलेट. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

उद्या वजन. गाडी नऊची सांगितलीय.