कोणत्या वर्सेल्सची?

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस. गाडी ठणठणीत आहे, मीही. फोन स्पीकरवर टाकून तू "मोठ्यानं बोल" म्हणत बसतेस आणि माझं सगळं खासगी शेजारची मार्था ऐकते, म्हणून लिहितेय.

मला दत्तक घेतलंस तेव्हा बाळ हातात देणारी बाई "पोर वर्सेल्सची आहे" एवढंच म्हणाली आणि आनंदाच्या भरात राज्य विचारायचं तू विसरलीस. धन्य आहेस! इंडियाना, ओहायो, केंटकी, मिसूरी, सगळीकडे एकेक वर्सेल्स. दत्तकाचे सरकारी कागद सीलबंद, कुणाला दाखवत नाहीत, तेव्हा जन्म देणारीचा पत्ता काढायचा तर गावोगाव फिरणं आलं. माझ्या फोनमधली रस्ता दाखवणारी बाई मोठ्या ऐटीत, फ्रान्समधल्या राजवाड्याच्या गावासारखं, 'व्हर्साय' म्हणते. इंडियानात तिचं ऐकून मीही तसंच म्हटलं, तर पेट्रोल पंपावरचा म्हातारा म्हणाला, "व्हर्साय समुद्रापलीकडं, बाई. हे वर्सेल्स. राजवाडा नाही, पण संडास स्वच्छ आहे."

या गावांमध्ये कॉफी ओतायच्या आधी विचारतात, "कुणाची गं तू?" आडनाव सांगितलं की थेट पणजोबांपर्यंत जातात. मी म्हणायचे, तेच तर शोधतेय. मग सगळं हॉटेल कामाला लागायचं. ओहायोत एका आजींनी कोंबडी खाऊ घालून अख्खी दुपार माझ्यासाठी फोन फिरवले. केंटकीत एका कुटुंबानं मला जवळजवळ आपलीच ठरवलं होतं, पण मी त्यांची लाडकी बर्बन व्हिस्की पीत नाही म्हटल्यावर "मग नव्हेस तू आमची" म्हणून सोडून दिलं. इतकी माया अनोळखी माणसांनी का करावी? मला तर भरूनच यायचं.

पण गाडी चालवताना तूच डोळ्यांसमोर यायचीस. निघताना म्हणालीस, "सापडली तर राहा हो तिच्याजवळ. माझं काय, मी आहे इथं." आणि पाठ फिरवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसलीस.

मिसूरीत चर्चच्या जेवणाला गेले. केक कापून वाढणाऱ्या ओपल नावाच्या बाईनं माझ्या हनुवटीवरची खळी पाहिली आणि सुरी खालीच ठेवली. "तू आमच्या रूथची." रूथ तिची थोरली बहीण. शाळेत असतानाच दिवस गेले, आईबापांनी परगावी मावशीकडे पाठवलं, परत आली ती रिकाम्या हातांनी. लग्न केलं नाही तिनं. दोन वर्षांपूर्वी गेली. मी उशिरा पोचले, आई. खूप रडले.

मग ओपल मला टेबलाटेबलावर नेऊन सांगायला लागली, "ही आमच्या रूथची." चौथ्या टेबलावर एका आजोबांनी मलाच विचारलं, "कुणाची गं तू?" तोंडात घास होता, विचार करायला वेळच नव्हता. तुझंच नाव तोंडातून निघालं, "लॉरेनची."

ओपलला वाईट वाटलं असेल म्हणून मी गडबडले, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "रूथ शेवटपर्यंत एकच विचारायची, माझ्या पोरीला जीव लावणारं कुणी मिळालं असेल ना गं? त्या लॉरेनला आमचे आभार सांग." ओपल इथंच राहा म्हणतेय, खोलीही झाडून ठेवलीय. पण तो निरोप तुला माझ्याही आधी पोचायला हवा, म्हणून हे पत्र. रूथला उत्तर द्यायला मला उशीर झाला, तेव्हा तुलाच देते. मिळालं होतं, आई. रविवारी जेवायला घरी आहे.

लॉरेनची, म्हणजे तुझीच,
नडीन